कृष्णवर्णीय सहकाऱ्याची बाजू कुठे मांडायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करिअर पुरवण्यांमध्ये अमेरिकेतल्या कन्सल्टिंगविषयी, म्हणजे कंपन्यांना व्यवस्थापनाचा सल्ला देण्याच्या व्यवसायाविषयी, मजकूर येतो तेव्हा केस इंटरव्ह्यू (धंद्यातला एखादा प्रश्न सोडवायला देणारी मुलाखत) कसा द्यावा, बिझनेस स्कूल कोणतं निवडावं, पगार किती मिळतो, एवढं वाचायला मिळतं. रुजू झाल्यावर शेजारी बसणाऱ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या वाट्याला काय येतं आणि त्यात आपलं काम काय, याबद्दल एक ओळही नसते. म्हणून या क्षेत्रात बरीच वर्षं काढलेल्या आम्ही काही जणांनी हे पत्र लिहायला घेतलं. फेब्रुवारीतल्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या कार्यक्रमात भाषण करून सहकाऱ्याचं फारसं भलं होत नाही. त्याची बाजू मांडायची ती कोणाला कोणतं काम द्यायचं हे ठरवणाऱ्या स्टाफिंगच्या फोनवर, मूल्यमापनाच्या अर्जात, आणि माणूस हजर नसताना त्याचं रेटिंग ठरतं त्या बैठकीत. तिथे आपलं म्हणणं कोणी ऐकून घ्यायचं असेल तर आधी आपलं काम चोख हवं आणि कायदा ठाऊक हवा.

हा आपला प्रश्न नव्हे, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. १९६५ पर्यंत अमेरिकेत भारतासाठी वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा होता. देशवार कोट्यांची ती पद्धत मोडणारा कायदा ऑक्टोबर १९६५ मध्ये झाला. त्याच्या दोनच महिने आधी मतदानाच्या हक्काचा आणि वर्षभरापूर्वी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. या तिन्ही कायद्यांमागे कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा रेटा होता. आज आपली मुलं ज्या दारातून आत जातात ते दार त्या चळवळीने उघडलं. मॅकिन्झी ही १९२६ साली स्थापन झालेली सल्लागार कंपनी. तिथे पहिला कृष्णवर्णीय सल्लागार, जेम्स लोरी, रुजू झाला तो १९६८ मध्ये.

आता कामाचं. कन्सल्टिंगमध्ये माणूस घडतो तो मिळालेल्या कामातून. प्रोजेक्टवर सहसा चार-पाच जण असतात आणि काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एका तुकड्यात ग्राहक कंपनीच्या अर्थप्रमुखाबरोबर दर आठवड्याला बसावं लागतं, आणि शेवटच्या सादरीकरणातली आठ-दहा पानं आपली असतात. दुसऱ्या तुकड्यात डेटा साफ करायचा, मुलाखतींच्या वेळा जुळवायच्या, बैठकीच्या नोंदी काढायच्या, सगळ्यांची पानं एका साच्यात बसवायची. दोन्ही कामं लागतातच. पण बढतीच्या वेळी प्रश्न येतो तो 'ग्राहकासमोर कसा उभा राहतो?' हा. सलग तीन प्रोजेक्ट दुसराच तुकडा ज्याच्या वाट्याला आला, त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नसतं. बहुतेक वेळा हे कोणी ठरवून केलेलं नसतं. पार्टनर, म्हणजे कंपनीत भागीदार असलेला वरिष्ठ, फोनवर म्हणतो, 'मागच्या वेळी होता, त्यालाच द्या.' मागच्या वेळी जो होता तो पार्टनरच्या कॉलेजचा होता, किंवा विमानात शेजारी बसून गप्पा झाल्या होत्या. असा एकेक 'मागच्या वेळी' साठत जातो आणि दोन वर्षांनी त्याला गुणवत्ता म्हटलं जातं.

यावर आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे एक साधा तक्ता. टीममधल्या प्रत्येकाचे मागचे तीन प्रोजेक्ट घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: कामाचा कोणता तुकडा मिळाला, ग्राहकाशी आठवड्यातून किती वेळा थेट बोलणं झालं, सादरीकरण कोणी केलं, काम कोणत्या वरिष्ठाने तपासलं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात वंशाचा रकाना मुळीच नको. एक तर कायद्याच्या दृष्टीने तो नको, आणि दुसरं म्हणजे त्याची गरजही पडत नाही. डेटा साफ करण्यात कोण अडकलंय ते तक्ता बघताक्षणी कळतं. पुढचा प्रोजेक्ट आला की आधी प्रत्येक तुकड्याला काय यायला हवं ते लिहायचं, नावं नंतर घालायची. क्रम उलटा झाला की नावाला साजेशी पात्रता शोधली जाते.

इथे एक घोटाळा फार वेळा होतो. तक्ता बघून मॅनेजरला जाग येते, तो कृष्णवर्णीय सहकाऱ्याला अचानक सगळ्यात अवघड तुकडा देतो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतो. इतरांना त्याच कामाबरोबर पार्टनरची दर आठवड्याची वीस मिनिटं मिळत असतात, कच्चा मसुदा आठवडाभर आधी कोणीतरी नजरेखालून घालत असतं, सादरीकरणाच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम होते. याला दिलेल्या कामाबरोबर यातलं काहीच येत नाही. काम डळमळलं की 'संधी दिली होती' अशी नोंद होते. ती नोंद पुसायला वर्ष जातं. मोठं काम देणार असाल तर ही तीन आधारांची व्यवस्था त्याच दिवशी कॅलेंडरवर लावा.

मूल्यमापनाचा अर्ज जवळून बघू. एक्सेलच्या मॉडेलमध्ये वाढीच्या दराचं सूत्र एका ओळीत खाली ओढायचं राहिलं, तिसऱ्या वर्षाचा आकडा चुकला, बैठकीच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं आणि दुरुस्त झालं. अशी चूक सगळ्यांकडून होते. एकाच्या अर्जात ती अशी उतरते: 'कामाचा ताण असताना एक चूक झाली, स्वतःच शोधून रात्रीत दुरुस्त केली.' दुसऱ्याच्या अर्जात: 'बारकाव्यांकडे लक्ष कमी पडतं.' पहिल्या वाक्यात एक घटना आहे, ती त्या रात्रीच संपली. दुसऱ्यात माणसाचा स्वभावच लिहून टाकलाय, तो पुढच्या प्रत्येक मॅनेजरला आधीच कळणार. 'प्रेझेन्स कमी आहे', 'अजून पॉलिश हवं', 'तयार व्हायला वेळ लागेल' ही वाक्यं याच जातीची. त्यांवर कोणाला काही सुधारता येत नाही, कारण नेमकं काय सुधारायचं ते त्यात नसतंच.

मॅनेजर असाल तर स्वतःला एक नियम घालून घ्या. अर्जातल्या प्रत्येक वाक्यात केव्हा, काय केलं, त्याचा परिणाम काय झाला आणि पुढे कधीपर्यंत काय करायचं, या चार गोष्टी हव्यात. 'प्रेझेन्स कमी' याऐवजी: 'दुसऱ्या आढाव्यात अर्थप्रमुखाने खर्चाच्या आकड्यावर हरकत घेतली तेव्हा उत्तर तयार असूनही ते मांडलं नाही, येत्या सहा आठवड्यांत दोन आढावे स्वतः चालवावेत, पहिल्याची तालीम माझ्याबरोबर करावी.' आणि हे त्या माणसाला दोन दिवसांच्या आत तोंडी सांगितलेलं असावं. सहा महिन्यांनी अर्जात पहिल्यांदा वाचायला मिळालेली टीका अन्यायाचीच असते, मग ती खरी का असेना. कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना तोंडावर टीका करायला पुष्कळ मॅनेजर कचरतात, आपल्यावर काही आरोप येईल म्हणून. हे कचरणं वरवर सौजन्यासारखं दिसतं, पण सुधारण्याचे सहा महिने ते हिरावून घेतं.

ज्यांच्या हाती अजून अधिकार नाही त्यांनाही इथे काम आहे. सहकाऱ्यांकडून अभिप्राय मागवण्याची पद्धत जवळजवळ सगळीकडे असते. मुदतीच्या आठवडाभर आधी, त्या सहकाऱ्याला विचारून, मूल्यमापन करणाऱ्याला पाच-सहा ओळी पाठवा: कोणत्या तारखेला कोणता प्रश्न त्याने सोडवला, त्यामुळे टीमचं काय वाचलं. 'खूप छान सहकारी आहे' असं लिहाल तर ते कोणी वाचून दाखवत नाही. तारीख आणि आकडा असलेली ओळ मात्र बैठकीत जशीच्या तशी वाचली जाते.

त्या बैठकीत पाच-सहा वरिष्ठ मिळून डझनावारी लोकांची रेटिंग ठरवतात. एकेका माणसामागे काही मिनिटंच मिळतात. सल्ला देणारे सगळ्यांनाच भेटतात. तिथे आपला शब्द खर्ची घालून बोलणारा एखादाच असतो, आणि कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना बहुधा तोच मिळालेला नसतो. तुम्ही त्या खोलीत असाल तर भाषण नको, प्रश्न विचारा. 'हे कोणत्या प्रसंगावरून म्हणताय?' 'याच चुकीसाठी आज आणखी कोणाचं रेटिंग खाली आणलं?' 'हे त्यांना सांगितलं होतं का, कधी?' या प्रश्नांत वंशाचा उल्लेखही नाही, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत विचारायचे. फक्त एकाच्या वेळी विचारलेत तर पुढच्या वर्षी तुमच्या प्रश्नांचं वजन जातं.

ग्राहकाकडची गोष्ट वेगळी, कारण तिथे आपल्या कंपनीचे नियम पोचत नाहीत. कृष्णवर्णीय मॅनेजर टीमची प्रमुख असते, शेजारी भारतीय ॲनालिस्ट बसलेला असतो, आणि ग्राहक आकड्यांचा प्रश्न ॲनालिस्टकडे बघून विचारतो. उत्तर आपल्याला येत असतं आणि जीभ शिवशिवते. तिथे एवढंच म्हणायचं: 'हा भाग त्या बघतात, त्याच सांगतील,' आणि तिच्याकडे बघून गप्प बसायचं. तिच्या उत्तरात भर घालायचीही नाही. हुशार म्हणून बघितलं जाण्याचा मोह आपल्या मुलांना फार असतो, आणि इथे तो थेट तिच्या अधिकाराच्या मुळावर येतो. हे टाळायची तयारी आदल्या दिवशीच करता येते: पार्टनरने ग्राहकाला ईमेल पाठवावा, त्यात टीमप्रमुख म्हणून तिचं नाव पहिलं, आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणाला विचारायचं ते स्पष्ट. बसताना ग्राहकाच्या प्रमुखासमोरची खुर्ची तिची.

कधी ग्राहक हळूच सुचवतो, 'दुसरं कोणी पाठवता येईल का?' पार्टनर वाद नको म्हणून माणूस बदलतो आणि त्याला 'दुसऱ्या कामाला तुझी गरज आहे' असं सांगितलं जातं. हे फार धोक्याचं आहे. ग्राहकाची आवड हा अमेरिकेच्या कायद्यात वांशिक भेदभावाचा बचाव होऊ शकत नाही. धर्म किंवा लिंग यांबाबत नोकरीच्या गरजेपोटी जी अगदी अरुंद सवलत कायद्यात आहे तीही वंशाला लागू नाही. म्हणून आधी विचारायचं: कामात नेमकं काय कमी पडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर? उत्तर लेखी घ्यायचं. खरंच कामाची अडचण असेल तर ती इतरांच्या बाबतीत सोडवतो तशीच सोडवायची. उत्तरच आलं नाही तर माणूस जागेवर राहतो आणि प्रकरण कंपनीच्या कायदा विभागाकडे जातं.

आता एक हिशेब मांडतो. वर्षाचे कामाचे तास २०८०. दहा सुट्या आणि वीस दिवस रजा धरली की १८४० उरतात. बिलेबल तासांचं, म्हणजे ग्राहकाला ज्यांचं बिल लागतं त्या तासांचं, लक्ष्य ८० टक्के असेल तर १४७२ तास ग्राहकाचे. उरले ३६८. प्रपोजल लिहिणं, प्रशिक्षण, पार्टनरच्या नजरेत येणारी अंतर्गत कामं, सगळं त्यातच. कृष्णवर्णीय सहकाऱ्याला मात्र भरतीच्या मेळाव्याला उभं राहायला सांगतात, कृष्णवर्णीयांचा कर्मचारी गट चालवायला सांगतात, नव्यांना सांभाळून घ्यायला सांगतात, कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटोलाही बोलावतात. आठवड्याला तीन तास धरले तरी ४६ आठवड्यांचे १३८ होतात. म्हणजे त्या ३६८ मधला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा, आणि रेटिंगच्या वेळी त्याचं खातंच नसतं. मदत करायची ती इथे. त्या कामाला स्वतंत्र चार्ज कोड (तास नोंदवायचं खातं) मागा. मूल्यमापनात त्याची ओळ घालायला लावा. खोल्या आरक्षित करणं, इतिवृत्त लिहिणं, वक्त्यांशी पत्रव्यवहार ही अर्धी मजुरी स्वतः उचला. गटाचं अध्यक्षपद उचलू नका.

या कर्मचारी गटांचा उगमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६४ मध्ये रॉचेस्टर शहरात दंगल झाली. झेरॉक्स तिथलीच कंपनी. तिथे त्यानंतरच्या वर्षांत कृष्णवर्णीय कर्मचारी संघटित झाले, आणि त्यांच्या तक्रारींतली एक मोठी तक्रार होती विक्रीचे चांगले प्रदेश कोणाला मिळतात ही. म्हणजे कामाची वाटणीच. त्याची जागा आज खाद्यपदार्थांच्या मेजवानीने घेतलेली बघून वाईट वाटतं.

सध्या या सगळ्याविषयी भीतीचं वातावरण आहे, म्हणून कायद्याचं नीट समजून घ्यायला हवं. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांत वंशाचा विचार करायला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी १९६५ चा, सरकारी कंत्राटदारांवर समान संधीची जबाबदारी टाकणारा आदेश रद्द केला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बहुसंख्य समाजातल्या तक्रारदाराला भेदभाव सिद्ध करायला जास्तीची अट घालता येणार नाही. एवढं झालं तरी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण जागेवर आहे, आणि १८६६ पासूनचा करारातल्या समानतेचा कायदाही. वंश बघून काम किंवा बढती देणं सातव्या प्रकरणाने मुळातच बेकायदा ठरवलेलं आहे. 'हा प्रोजेक्ट कृष्णवर्णीय सहकाऱ्यासाठीच राखून ठेवा' असं ईमेलमध्ये लिहिणारा हितचिंतक त्यालाच अडचणीत आणतो. वर सांगितलेला तक्ता, चार गोष्टींचं वाक्य, लेखी निकष हे सगळ्यांना सारखं लागू होतं, म्हणून ते टिकतं.

भरतीतही तसंच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५००० बनावट अर्ज पाठवले होते. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडचे रेफरल, म्हणजे नोकरीसाठीच्या शिफारशी, मात्र आपल्याच कॉलेजच्या आणि आपल्याच व्हॉट्सॲप गटांतून फिरतात. हॉवर्ड, मोअरहाउस, स्पेलमन या कृष्णवर्णीयांच्या जुन्या शिक्षणसंस्थांमध्ये केस इंटरव्ह्यूचा सराव घ्यायला महिन्यातून दोन संध्याकाळी दिल्या, सराव सगळ्यांना खुला ठेवला, तरी खूप काही साधतं. एका उमेदवाराला निदान आठ-दहा सराव मुलाखती लागतात. एक-दोन देऊन मोकळं होऊ नये.

भेदभावाचा प्रसंग घडलाच तर आधी त्या सहकाऱ्याला एकांतात विचारा, 'मी काही करावं असं वाटतं का?' न विचारता भर बैठकीत आवाज उठवला की आपल्याला समाधान मिळतं आणि 'भांडखोर' हे लेबल त्याला चिकटतं. तुम्ही मॅनेजर असाल तर 'हे आपल्यातच राहील' असं वचन कधीही देऊ नका. तुम्हाला कळलं म्हणजे कंपनीला कळलं असं धरलं जाऊ शकतं आणि ते वर कळवणं बहुतेक कंपन्यांत सक्तीचं असतं. त्याने तोंड उघडण्याआधी हे त्याला सांगा. नोंद त्याच दिवशी करा: तारीख, वेळ, कोण होतं, बोललेले शब्द जसेच्या तसे, त्यानंतर कामाचा कोणता निर्णय झाला. ग्राहकाची कागदपत्रं स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. गोपनीयतेच्या त्या भंगावरून कामावरून काढतात आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

मुदत मात्र डोक्यात पक्की हवी. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून १८० दिवस असतात; राज्यात तसा कायदा राबवणारी यंत्रणा असेल तर ३०० दिवस. कंपनीतली अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून हे दिवस थांबत नाहीत. मनुष्यबळ विभागाच्या 'आम्ही बघतो आहोत' यात सहा महिने सहज जातात. १८६६ च्या कायद्याखाली थेट न्यायालयात जायला साधारण चार वर्षं मिळतात. अंतर्गत चौकशीत विचारल्यावर खरं सांगणाऱ्या साक्षीदारालाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते २००९ मध्ये स्पष्ट केलं. तरीही आयोगाकडे सर्वाधिक तक्रारी येतात त्या सूडाच्याच, हेही जाणून असावं.

एच-१बीवरची मुलं विचारतात, नोकरी गेली तर? गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही मुक्कामाची मुदत त्याआधी संपत नसेल तर. सूडाविरुद्धचं संरक्षण व्हिसा बघत नाही, पण ६० दिवसांत न्याय मिळत नाही हेही तितकंच खरं. अशा मुलांना आम्ही धाडस करायला सांगत नाही. सहकाऱ्याच्या परवानगीने पाठवलेला नेमका अभिप्राय, ग्राहकासमोर तिच्याकडे वळवलेला प्रश्न, त्याच दिवशी लिहिलेली नोंद, यांतल्या कशानेही व्हिसा धोक्यात येत नाही. चौकशीत साक्षीला बोलावलं तर आधी त्या राज्यातल्या रोजगार कायद्याच्या वकिलाचा तासभर सल्ला घ्यावा.

आणखी एक, मनाला फार लागलेलं. कॉफीच्या यंत्रापाशी आपापसांत मराठीत बोलताना 'तो काळ्या' असा उल्लेख होतो, समोरच्याला कुठे कळतंय म्हणून. त्याला कळतं. बोलताना नजर कोणाकडे जाते आणि हसू कशावर फुटतं, त्याला भाषांतर लागत नाही. त्या माणसाला नाव आहे, हुद्दा आहे, तेच घ्यावं.

पुरवणीत यापुढे अमेरिकेतल्या नोकरीवर मजकूर येईल तेव्हा केस इंटरव्ह्यूच्या चौकटीशेजारी १८० आणि ३०० दिवसांच्या मुदतीची चौकटही छापावी, ही आपल्याला विनंती. जागा दोन ओळींची लागेल.

कळावे,
आपले,
अमेरिकेतील व्यवस्थापन सल्लागार क्षेत्रात काम करणारे काही वाचक